वाण, गुण आणि फ्रान्सिस गॉल्टन

बारशाला पाळण्याभोवती जमलेल्या मंडळींचा एक ठरलेला कार्यक्रम असतो. नाक आजोबांचे, कपाळ आत्याचे, हट्ट मात्र थेट आजोळचा, अशी वाटणी पाच मिनिटांत होऊन जाते. पुढे ते मूल अभ्यासात मागे पडले की खाण तशी माती म्हणायचे, आणि शेजारच्या पोरांत राहून शिव्या द्यायला लागले की ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला म्हणायचे. या दोन म्हणी एकमेकींच्या विरुद्ध आहेत हे आपल्या लक्षातही येत नाही. वाण म्हणजे जन्माने आलेले, गुण म्हणजे संगतीने लागलेले. माणसाच्या वागण्यात यातले किती कुठून येते, हा वाद घरोघरी आहे आणि बहुधा माणसाइतकाच जुना आहे.

हा वाद मोजमापाने सोडवता येईल असे ज्याला प्रथम वाटले, तो माणूस म्हणजे फ्रान्सिस गॉल्टन. उत्क्रांतीवाल्या चार्ल्स डार्विनचा हा आतेभाऊ. दोघांचे आजोबा एकच, आज्या मात्र वेगळ्या. हवामानाचे नकाशे, बोटांचे ठसे, संख्याशास्त्रातला सहसंबंध, जुळ्यांचा अभ्यास, अशा इतक्या ठिकाणी त्याचे नाव भेटते की एका जन्मात हे झाले कसे असा प्रश्न पडावा. आणि तरीही लंडनच्या ज्या विद्यापीठाला त्याने आपली संपत्ती दिली, तिथल्या व्याख्यानगृहावरून त्याचे नाव २०२० साली उतरवण्यात आले. का, ते पुढे येईलच.

गॉल्टनचा जन्म १६ फेब्रुवारी १८२२ चा, इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचा. आजोबा बंदुकांचे कारखानदार, वडील बँकेचे मालक. भावंडांत हा शेंडेफळ. त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी असलेली बहीण ॲडेल पाठीच्या कण्याच्या दुखण्याने बराच वेळ पडून असे. या मुलीने धाकट्या भावाला जणू मागूनच घेतले. पडल्या पडल्या त्याला अक्षरे शिकवली, गोष्टी वाचून दाखवल्या, पाठांतर करून घेतले. त्याला शिकवता यावे म्हणून ती स्वतः लॅटिन आणि ग्रीक शिकली. अडीच वर्षांचा असताना फ्रान्सिस छोटे पुस्तक वाचू लागला. पाचव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी त्याने ॲडेलला एक पत्र लिहिले. आपल्याला कोणतेही इंग्रजी पुस्तक वाचता येते, लॅटिनच्या बावन्न ओळी पाठ आहेत, बेरीज कितीही मोठी असली तरी जमते, थोडे फ्रेंच येते आणि घड्याळही कळते, अशी त्यात यादी आहे. गुणाकार कुठल्या कुठल्या आकड्यांनी करता येतो तेही सांगितले आहे, पण त्यातले नऊ आणि अकरा मागाहून काढून टाकलेले दिसतात. जरा जास्तच झाले असे त्याचे त्यालाच वाटले असावे.

शाळेत गेल्यावर हे तेज फारसे टिकले नाही. वडिलांची इच्छा त्याने डॉक्टर व्हावे अशी होती, म्हणून १८३८ साली, सोळाव्या वर्षी, तो बर्मिंगहॅमच्या रुग्णालयात उमेदवारीला लागला. तिथे त्याने जे केले ते आजच्या कोणत्याही वैद्यकीय विद्यार्थ्याने करू नये. औषधांच्या यादीतले एकेक औषध वर्णानुक्रमाने, थोडे थोडे, स्वतः घेऊन पाहायचे त्याने ठरवले. ए आणि बी अक्षरांची औषधे पार पडली. सी अक्षरात क्रोटन तेल आले. क्रोटन तेल म्हणजे आपल्याकडच्या जमालगोट्याचे तेल. दोन थेंबांत काही होत नाही अशी त्याची कल्पना होती. प्रयोग तिथेच संपला.

पुढे गणित शिकायला तो केंब्रिजला गेला. तिसऱ्या वर्षी प्रकृतीने दगा दिला. छाती धडधडायची, चक्कर यायची, डोक्यात एकच विचार घरघरत राहायचा. आज त्याला कदाचित चिंताविकार म्हटले असते. मानाच्या परीक्षेचा नाद सोडून १८४४ साली त्याने साधी पदवी घेतली. त्याच वर्षी वडील वारले आणि बाविसाव्या वर्षी त्याच्या हाती एवढा पैसा आला की आयुष्यभर कमावण्याची गरज उरली नाही. त्याने वैद्यक सोडले, इजिप्त आणि सुदान पाहिले, मग काही वर्षे शिकारीत घालवली. हे सगळे ध्यानात ठेवायला हवे, कारण पुढे हाच माणूस सांगणार होता की अंगी खरी प्रतिभा असली की ती कोणत्याही अडचणीतून वर येतेच.

१८५० साली गॉल्टन नैर्ऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, उतरला. तेव्हा तो भाग युरोपीय नकाशांवर कोराच होता. त्याने तिथले अक्षांश-रेखांश इतके काटेकोर मोजले की १८५३ साली रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र नकाशापेक्षा महत्त्वाचे आहेत ते त्याचे बैल. सामान वाहायला, गाडा ओढायला आणि बसायलाही बैलच होते. त्याच्या बसायच्या बैलाचे नाव सिलोन. महिनोन् महिने या जनावरांबरोबर चालताना त्याच्या लक्षात आले की या भागातला बैल कळपावाचून राहूच शकत नाही. सोबत्यांवर त्याचे काही फार प्रेम असते असे नाही, पण त्याला कळपातून वेगळे काढले की तो कासावीस होतो, जिवाच्या आकांताने परत धाव घेतो आणि कळपात शिरला की शांत होतो. सर्वांत पुढे चालणारा बैल मिळणे त्यामुळे फार अवघड. चरताना कळपापासून थोडा दूर राहणारा, बिनधास्त असा एखादा बैल शोधायचा आणि त्याला पुढे चालायला शिकवायचे, ही तिथल्या गुराख्यांची युक्ती होती. ज्यांच्या घरी बैल होते त्या आपल्या आजोबा-पणजोबांना यात नवे काही वाटले नसते.

गॉल्टनने त्याचे कारण शोधले, आणि ते कारण सिंह हे होते. कळप सोडून भटकणारा बैल सिंहाच्या तोंडी जातो. कळपात दाटीवाटीने राहणारा वाचतो आणि त्याचीच वासरे पुढे वाढतात. पिढ्यान् पिढ्या हे चालले की भित्रेपणा रक्तात उतरतो. १८७१ साली त्याने यावर लेख लिहिला. तो आजही वाचण्यासारखा आहे, कारण त्यात नकळत एक मोठी गोष्ट येऊन गेली आहे. बैलाचा स्वभाव उपजत आहे हे खरे, पण तो घडवला सिंहांनी, म्हणजे परिसराने. वाण आणि गुण यांच्यातली भिंत इथेच पातळ झाली होती. गॉल्टनने मात्र तिकडे पाहिले नाही. त्याने त्याच लेखात बैलांवरून माणसांवर उडी मारली आणि बहुसंख्य माणसे जात्याच कळपवृत्तीची, पुढारी शोधणारी असतात, असे ठरवून टाकले.

आफ्रिकेहून परतल्यावर १८५३ साली त्याने लुईसा बटलरशी लग्न केले. तिचे वडील हॅरो या नामांकित शाळेचे मुख्याध्यापक होते, भाऊ विद्वान. या घराण्याकडे पाहूनही बुद्धी वंशात चालते ही त्याची समजूत पक्की झाली असणार. मग १८५९ साली डार्विनचे पुस्तक आले आणि गॉल्टनला आयुष्याचा विषय सापडला. प्राण्यांच्या अंगची वैशिष्ट्ये पिढ्यांतून उतरत असतील तर माणसाची बुद्धी आणि स्वभाव का नाही?

१८६९ साली त्याचा वंशपरंपरागत प्रतिभेवरचा ग्रंथ निघाला. १६६० ते १८६५ या काळातले इंग्लंडचे २८६ न्यायाधीश त्याने घेतले आणि त्यांच्या वंशावळी तपासल्या. नऊंमधला एकाहून अधिक न्यायाधीश दुसऱ्या एखाद्या न्यायाधीशाचा बाप, मुलगा किंवा भाऊ निघाला. कवी, सेनापती, शास्त्रज्ञ, अगदी नावाडी आणि पैलवान यांच्याही याद्या त्याने केल्या. नाते जवळचे तितकी प्रतिभा जास्त, नाते लांबचे तितकी कमी. निष्कर्ष : प्रतिभा जन्मजात असते.

यातली खोट आज दहावीतला मुलगाही दाखवील. न्यायाधीशाच्या मुलाला बापाची बुद्धी मिळाली असेल, पण बापाचे ग्रंथालय, बापाच्या ओळखी, बापाची फी भरण्याची ऐपत आणि जेवणाच्या टेबलावर रोज कानावर पडणारी कायद्याची भाषा हेही मिळाले. वकिलाच्या घरी वकील आणि नटाच्या घरी नट निपजतो यात रक्त किती आणि घर किती, हे वंशावळ सांगू शकत नाही. हाच आक्षेप आल्फोन्स द कांदोल या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७३ साली घेतला. त्याने दोन शतकांतल्या शास्त्रज्ञांचा हिशेब मांडून दाखवले की शास्त्रज्ञ कुठल्या देशात निपजतात हे तिथल्या शाळा, विचारस्वातंत्र्य, धर्मसंस्थेचा धाक, सुबत्ता अशा गोष्टींवर अवलंबून असते.

हा घाव गॉल्टनच्या जिव्हारी लागला. त्याने रॉयल सोसायटीच्या सभासदांना लांबलचक प्रश्नावली पाठवली: आईवडिलांचे स्वभाव, उंची, डोक्याचा घेर, शाळा, विज्ञानाची गोडी कशी लागली. माणसांना अशी छापील प्रश्नावली पाठवून मनाचा अभ्यास करण्याचा हा अगदी सुरुवातीचा प्रयत्न. त्यावरून १८७४ साली जे पुस्तक झाले त्याच्या नावात त्याने निसर्ग आणि संगोपन हे दोन शब्द शेजारी बसवले. इंग्रजीत त्यांना अनुप्रास आहे आणि शेक्सपिअरच्या टेम्पेस्ट नाटकात ते आधी एकत्र आलेही होते, पण शास्त्रातला वाद म्हणून ही जोडी रूढ झाली ती इथून. गंमत म्हणजे त्या पुस्तकात उत्तर देणाऱ्या कित्येक शास्त्रज्ञांनी आपल्या घडणीचे श्रेय आईला, शिक्षकाला, एखाद्या प्रवासाला दिले होते.

पण गॉल्टनचा खरा पराक्रम पुढच्या वर्षीचा. रक्त आणि घर वेगळे कसे काढायचे? त्याला जुळी सुचली. एकाच वेळी, एकाच घरात, एकाच आईच्या दुधावर वाढणारी दोन मुले. जन्मतः अगदी सारखी असणारी जुळी पुढे वेगळ्या वाटांनी गेली तर वेगळी होतात का, आणि जन्मतः भिन्न असणारी जुळी एकाच घरात वाढून सारखी होतात का, असे दोन प्रश्न त्याने धरले. जुळ्यांच्या घरांना पत्रे लिहून त्याने हकिगती जमवल्या. अतिशय सारख्या अशा ३५ जोड्यांची तपशीलवार माहिती त्याला मिळाली, आणि अगदी भिन्न अशा २० जोड्यांची. त्यातले किस्से आजही तोंडी आहेत. एक भाऊ स्कॉटलंडमधल्या गावात असताना भावाला चकित करावे म्हणून शॅम्पेनचे पेले विकत घेतो. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये असलेला दुसरा भाऊ पहिल्यासाठी अगदी त्याच नक्षीचे पेले घेऊन ठेवतो. उलट भिन्न जुळ्यांचे आईवडील लिहितात की दोघांना एकाच ताटात वाढवले, पण एक उत्तरेला तर दुसरा दक्षिणेला.

१८७५ साली त्याने निकाल दिला : निसर्ग संगोपनावर प्रचंड मात करतो. मात्र या निकालाला त्याने एक अट घातली होती. ही मात तेव्हाच, जेव्हा संगोपनातला फरक एकाच देशातल्या, एकाच थरातल्या कुटुंबांत असतो तेवढाच असेल. या लेखातले सर्वांत शहाणे वाक्य हेच, आणि ते लिहिणाराच पुढे ते विसरला.

ही अट इतकी महत्त्वाची का, ते शेतावर पाहू. एकाच काळ्या, एकसारख्या, पाणी दिलेल्या वावरात ज्वारीची दहा वाणे पेरली, तर कणसांतला फरक जवळजवळ सगळा बियाण्याचा. आता एकच वाण घेऊन निम्मे काळ्या रानात आणि निम्मे मुरमाड माळावर पेरले, तर फरक सगळा जमिनीचा. बियाण्याचा वाटा किती, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे बियाण्यात नसतेच. जमिनी किती सारख्या किंवा वेगळ्या आहेत, यावर ते बदलते. गॉल्टनची जुळी बहुतेक सुस्थितीतल्या घरांतली, म्हणजे सगळी काळ्या रानातली होती.

गॉल्टननंतर जुळ्यांचा अभ्यास खूप सुधारला. एकसारखी जुळी एकाच फलित बीजांडातून आलेली असतात आणि त्यांची जनुके जवळपास तंतोतंत सारखी असतात. भिन्न जुळ्यांत सख्ख्या भावंडांइतकेच साम्य असते. या दोन प्रकारच्या जोड्यांची तुलना करून जनुकांचा वाटा काढायचा, ही रीत १९२० च्या दशकात आली. २०१५ साली अशा २,७४८ अभ्यासांचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला. शरीर, स्वभाव, आजार अशी १७,८०४ लक्षणे त्यात होती आणि सरासरीने जनुकांचा वाटा ४९ टक्के निघाला. म्हणजे जवळजवळ निम्मा. पण हा निम्मा म्हणजे एखाद्या माणसाच्या स्वभावाचे दोन तुकडे नव्हेत. लोकालोकांत जो फरक दिसतो त्यातला निम्मा, आणि तोही त्या त्या लोकांच्या परिस्थितीत. अमेरिकेत २००३ साली सात वर्षांच्या जुळ्यांवर झालेल्या अभ्यासात सुखवस्तू घरांतल्या मुलांच्या बुद्ध्यंकात जनुकांचा वाटा मोठा दिसला, गरीब घरांत तो जवळजवळ नाहीसा झाला. युरोपातल्या अभ्यासांत हा फरक इतका ठळक आढळला नाही. तिथे गरिबीतला आणि सुबत्तेतला पल्ला कमी आहे हे त्याचे एक कारण असू शकते.

उंदरांवरचा एक प्रयोग तर हा मुद्दा आकड्यांतच मांडतो. कॅनडात पिढ्यान् पिढ्या निवड करून उंदरांची दोन वाणे तयार केली होती. एक वाण चक्रव्यूहात वाट शोधण्यात हुशार, दुसरे मठ्ठ. साध्या पिंजऱ्यात वाढवल्यावर हुशार उंदरांच्या सरासरी ११७ चुका होत, मठ्ठांच्या १६४. एवढा स्वच्छ फरक, आणि तो जनुकांचाच. १९५८ साली कूपर आणि झुबेक या दोघांनी दोन्ही वाणांची काही पिल्ले खेळणी, बोगदे, शिड्या असलेल्या पिंजऱ्यात आणि काही रिकाम्या करड्या पिंजऱ्यात वाढवली. भरल्या पिंजऱ्यात मठ्ठांच्या चुका १२० च्या आसपास आल्या, जवळपास हुशारांइतक्या. रिकाम्या पिंजऱ्यात दोन्ही वाणांच्या चुका १७० च्या आसपास गेल्या. वाण तेच, पण फरक गायब. हुशार वाणाचे जन्मजात भांडवल रिकाम्या पिंजऱ्यात मातीमोल झाले.

आरोग्याच्या बाबतीतले उदाहरण फिनाइलकीटोन्युरियाचे. हा आजार शंभर टक्के जनुकांचा. आईवडील दोघांकडून दोषी जनुक आले तरच होतो. प्रथिनांतला फिनाइलॲलनीन हा घटक अशा बाळाच्या शरीरात मोडला जात नाही, तो साठतो आणि मेंदूला इजा करतो. उपचार न मिळालेली मुले मतिमंद होतात. पण जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तपासणी केली आणि तो घटक अगदी कमी असलेला आहार लगेच सुरू केला, तर मूल चारचौघांसारखे शिकते. जनुक तसेच राहते, ताट बदलते. उलट्या बाजूचेही नाकारू नये. कावळ्याच्या घरट्यात, कावळ्याच्या चोचीतून खाऊन वाढलेले कोकिळेचे पिल्लू काव काव करत नाही. वेळ आली की कुहू कुहूच करते.

गॉल्टनला यातले काही माहीत असणे शक्य नव्हते. जनुक ही कल्पनाच तेव्हा रुजलेली नव्हती. आनुवंशिकतेचे नियम शोधणारा ग्रेगोर मेंडेल हाही १८२२ सालीच जन्मलेला. दोघांनीही वाटाण्याच्या जातीच्या वेलींवर प्रयोग केले, मेंडेलने मठाच्या बागेत आणि गॉल्टनने निरनिराळ्या वजनांचे बी डार्विनसह मित्रांना वाटून. मेंडेलचा निबंध १८६६ साली छापला गेला होता, पण त्याकडे फारसे कुणाचे लक्षच गेले नाही.

गॉल्टनच्या वाटाण्यांनी त्याला वेगळीच गोष्ट शिकवली. सर्वांत मोठ्या बियांच्या वेलींना मोठे बी येते, पण तितके मोठे नाही. सर्वांत लहानांच्या पोटी लहान, पण तितके लहान नाही. दोन्ही टोके सरासरीकडे सरकतात. १८८४ साली लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात त्याने मापनशाळा थाटली. तीन पेन्स द्यायचे आणि उंची, वजन, फुप्फुसांची ताकद, मुठीची पकड, नजर, कान मोजून घ्यायचे. ९,३३७ लोकांनी मोजून घेतले. पैसे देऊन लोक स्वतःला मोजून घेतात हे त्याने आपल्या संपूर्ण आरोग्य तपासणीच्या जाहिरातींच्या शंभर वर्षे आधी ओळखले होते. शिवाय २०५ कुटुंबांतल्या आईवडिलांच्या आणि त्यांच्या ९२८ मोठ्या झालेल्या मुलांच्या उंच्या त्याने मिळवल्या. तिथेही तेच. सरासरीहून आईवडील जितके उंच, त्याच्या सुमारे दोन तृतीयांश इतकीच मुले उंच. यातूनच सहसंबंधाचे गणित जन्मले, आणि आज कुठल्याही औषधाच्या चाचणीचा निकाल त्या गणितावाचून लागत नाही. पहिल्या नंबराने पास झालेल्या आईबापांनी मुलाचा दुसरा नंबर आला म्हणून शिकवणी बदलण्याआधी हे वाटाणे आठवावेत.

बोटांच्या ठशांचा मार्ग भारतातून गेला. बंगालमध्ये विल्यम हर्शल हा अधिकारी १८५८ पासून करारनाम्यांवर हाताचे ठसे घेत असे. त्याने वर्षानुवर्षांच्या अंतराने घेतलेले ठसे गॉल्टनला मिळाले, आणि ठसा आयुष्यभर बदलत नाही हे त्याला त्यावरून दाखवता आले. १८९२ साली त्यावर पुस्तक आले. १८९७ साली कलकत्त्यात ठशांची कचेरी उघडली आणि तिथे अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनी वर्गीकरण कामाला लावले. पण गॉल्टनला चोर पकडण्यात मुळात फारसा रस नव्हता. ठशांवरून माणसाचा वंश, वर्ग, बुद्धी, स्वभाव कळेल अशी त्याची आशा होती. त्याने निरनिराळ्या वंशांचे आणि थरांचे ठसे ताडून पाहिले. तसले काही सापडले नाही, आणि ते त्याने प्रामाणिकपणे लिहूनही टाकले. एकसारख्या जुळ्यांचेही ठसे एकमेकांशी जुळत नाहीत, हे तर आज सर्वांना ठाऊक आहे. गर्भाशयातला दाब, हालचाल, बोटांची जागा एवढ्याशा फरकाने रेषा वेगळ्या उमटतात. परिसराची सुरुवात पाळण्यापासून होत नाही, त्याच्या नऊ महिने आधी होते.

आकड्यांसमोर नमते घेणारा हा माणूस एका बाबतीत मात्र कधीच नमला नाही. १८८३ साली त्याने ग्रीकवरून एक नवा शब्द घडवला, युजेनिक्स. मराठीत तो पुढे सुप्रजाजनन म्हणून आला. गुणवान घराण्यांतल्या तरुण-तरुणींनी लवकर लग्ने करून भरपूर मुले होऊ द्यावीत, दुर्बळांनी होऊ देऊ नयेत, आणि हा विचार लोकांनी धर्मासारखा मानावा, असे तो सांगू लागला. गुरे आणि घोडे निवडून वाढवतो, मग माणसे का नाही, हा त्याचा सवाल. एकाच थरातल्या घरांपुरता काढलेला निष्कर्ष तो आता झोपडपट्टीतल्या माणसाला लावत होता, वसाहतींतल्या काळ्या माणसाला लावत होता. अट गळून पडली होती. त्याला स्वतःला मूल नव्हते. लुईसा १८९७ साली फ्रान्समध्ये प्रवासात वारली. १९०९ साली तो सर फ्रान्सिस झाला. शेवटी त्याने सुप्रजाजननावर चाललेल्या एका कल्पित देशाची कादंबरी लिहिली. प्रकाशकाने ती परत केली आणि भाचीने तिची बरीच पाने नष्ट केली. १७ जानेवारी १९११ रोजी, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी तो गेला. सुमारे ४५ हजार पौंड त्याने लंडन विद्यापीठाला या विषयाच्या प्राध्यापकपदासाठी ठेवले होते.

त्याच्या हयातीतच, १९०७ साली, अमेरिकेतल्या इंडियाना राज्याने सक्तीच्या नसबंदीचा पहिला कायदा केला. पुढे तीसहून अधिक राज्यांनी तसे कायदे केले आणि साठ हजारांहून जास्त लोकांची नसबंदी झाली. व्हर्जिनियातली कॅरी बक ही मुलगी त्यातली एक. ती मंदबुद्धी, तिची आई मंदबुद्धी आणि तिचे तान्हे बाळही तसेच, असा दाखला देऊन १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने तिच्या नसबंदीला मान्यता दिली. कॅरी मंदबुद्धी नव्हती. ज्या घरी ती वाढली त्या घरच्या नातेवाइकाने तिच्यावर बलात्कार केला होता आणि ते झाकायचे होते. तिची मुलगी व्हिव्हियन शाळेत गेली, पहिल्या वर्गात चांगल्या गुणांच्या यादीत आली आणि आठव्या वर्षी आजारपणात वारली. जर्मनीत जुलै १९३३ मध्ये हिटलरच्या सरकारने तसाच कायदा केला. सुमारे चार लाख लोकांची नसबंदी झाली. आणि त्यापुढे काय झाले ते जगाला माहीत आहे.

त्या कायद्याच्या काही वर्षे आधी बर्लिनच्या मानववंशशास्त्र संस्थेत एक मराठी विद्यार्थिनी कवट्या मोजत बसली होती. इरावती कर्वे. संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते, आणि कवटीच्या दोन बाजूंमधल्या असमानतेचा वंशाशी संबंध आहे हे त्यांच्या विद्यार्थिनीने दाखवावे ही अपेक्षा. इरावतीबाईंनी मापे घेतली आणि तसा संबंध नाही, असे गुरूच्या संस्थेत बसून लिहिले. फिशरना ते रुचण्यासारखे नव्हते. गॉल्टनला, निदान ठशांच्या पुस्तकातल्या गॉल्टनला, ती पद्धत मान्य झाली असती असे मला वाटते.

१९१७ साली स्टॅनफर्डच्या लुईस टर्मन या मानसशास्त्रज्ञाने गॉल्टनच्या लहानपणाचा पुरावा गोळा करून त्याचा बुद्ध्यंक काढला. तो दोनशेच्या जवळपास आला. मुख्य पुरावा होता ते पाचव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीचे पत्र. ज्या बहिणीने अंथरुणावर पडून लॅटिन शिकून घेतले आणि मग ते भावाला शिकवले, तिच्या नावावरच ते पत्र आहे. त्या हिशेबात तिला एकही गुण दिलेला नाही.